खरं बोलणं परवडलं पाहिजे

वाशिम जिल्ह्यातल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत परिपाठाचा क्रम जवळजवळ एकच असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, दिनविशेष, सुविचार, बोधकथा. रिसोडच्या शाळेत असो की मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरच्या शाळेत, सुविचार वाचणारी मुलगी तेवढ्याच ठणठणीत आवाजात वाचते आणि ‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य वर्षातून पाच-सात वेळा तरी फळ्यावर येतं. तरीही त्याच वर्गातल्या मुलाला गृहपाठ का केला नाही असं विचारलं, की ‘वही घरी राहिली’ हे उत्तर आधी तोंडात येतं. मूल वाईट असतं म्हणून असं होत नाही. ‘केला नाही’ म्हटल्यावर काय होतं, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं.

या प्रकरणात त्या अनुभवाचा विचार करायचा आहे. मुलांना प्रामाणिकपणा कसा शिकवायचा, हा प्रश्न आपण सहसा गोष्टी, श्लोक आणि भाषणांच्या अंगानं सोडवायला घेतो. पण तो खरा तर शाळेच्या रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे. ज्या वर्गात खरं बोलणं मुलाला परवडतं, तिथे ते खरं बोलायला शिकतं. जिथे परवडत नाही, तिथे ते सुविचार पाठ करतं आणि आपली सुटका करून घ्यायलाही शिकतं.

दहा मूल्यांची यादी

महाराष्ट्रात १९९७ मध्ये मूल्यशिक्षणाचा स्वतंत्र कार्यक्रम शाळांमध्ये आला. त्यात दहा मूल्यं ठरवली गेली: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. ही यादी शिक्षकांच्या एका पिढीला तोंडपाठ आहे आणि अनेक शाळांच्या भिंतींवर ती अजूनही रंगवलेली दिसते. तिच्यात प्रामाणिकपणा नावानं कुठेच नाही. वैज्ञानिक दृष्टिकोनात सत्याचा शोध येतो आणि श्रमप्रतिष्ठेत कष्टाची कमाई येते, असं म्हणता येईल. पण वक्तशीरपणाला जशी स्वतंत्र ओळ मिळाली, तशी खरेपणाला मिळाली नाही. ज्याचं नाव यादीत नसतं त्यासाठी उपक्रम आखला जात नाही, आणि उपक्रम नसला की ती गोष्ट शिक्षकाच्या मर्जीवर राहते.

पुढे २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला आणि नंतर तो राज्यभर गेला. त्याची दिशा वेगळी होती. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही संविधानातली मूल्यं त्यानं पायाशी धरली. मुलांना उपदेश करण्याऐवजी जोडीनं, गटानं काम करायला लावलं, वर्गाचे नियम मुलांकडूनच ठरवून घेतले आणि त्यावर बोलायला लावलं. मूल्य सांगून कळत नाही, ते वागून अंगवळणी पडतं, हे त्यामागचं सूत्र होतं.

उपदेशाची परंपरा तर या जिल्ह्याला मोठीच आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. या समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या शिकवणीत खरं बोलणं आणि चोरी न करणं ठळकपणे येतं. कारंजा आणि शिरपूर ही जैनांची मोठी क्षेत्रं, आणि सत्य व अस्तेय ही जैन धर्माच्या पाच व्रतांपैकी दोन. घराघरांतून, मंदिरांतून, तांड्यांतून खरेपणाची शिकवण मुलांच्या कानावर पडतच असते. तेव्हा ‘मुलांना कुणी सांगितलंच नाही’ ही अडचण इथे नाही. सांगितलेलं आणि वागलेलं यांत अंतर का पडतं, हे समजून घ्यायला हवं.

धडा एकीकडे, वागणं दुसरीकडे

हे अंतर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोजलं गेलं ते अमेरिकेत, १९२०च्या दशकात. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन संशोधकांनी दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत पारखलं. कधी मुलांना स्वतःचा पेपर स्वतः तपासायला दिला, कधी घरी सोडवायला दिला, कधी खेळात लबाडी करण्याची संधी ठेवली. त्यांचे निष्कर्ष १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी अनेकांना धक्का बसला. मुलांची प्रामाणिक आणि लबाड अशी सरळ विभागणी होईना. पेपर तपासताना खरं वागणारं मूल खेळात फसवत होतं, आणि खेळात खरं वागणारं मूल घरच्या अभ्यासात. नीतिधड्यांच्या वर्गाला नियमित जाणाऱ्या मुलांच्या वागण्यात त्या धड्यांमुळे फारसा फरक दिसला नाही. पण एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी वागताना दिसली.

आपल्या शिक्षकांसाठी यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. वर्गाला एक स्वभाव असतो आणि तो शिक्षक घडवतो. चौथीच्या वर्गात पैसे सापडले की मुलं आपणहून बाईंकडे आणून देतात, आणि तीच मुलं पुढे दुसऱ्या वर्गात गेल्यावर गप्प बसतात, असं घडतं ते यामुळेच. मुलं तीच असतात, वर्गाची रीत बदललेली असते.

लांडगा आणि लाकूडतोड्या

गोष्टींचा उपयोग होतच नाही, असं मात्र नाही. कोणती गोष्ट सांगतो, यावर बरंच अवलंबून आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना खोलीत एकटं ठेवलं आणि मागे ठेवलेल्या खेळण्याकडे वळून बघू नकोस असं सांगितलं. बहुतेक मुलांनी बघितलंच. मग त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, ‘तू बघितलंस का?’

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकलेल्या मुलांनी, किंवा खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या पिनोकियोची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी, इतरांपेक्षा जास्त खरं सांगितलं नाही. जॉर्ज वॉशिंग्टननं लहानपणी चेरीचं झाड तोडल्याची कबुली दिली आणि वडिलांनी त्याला जवळ घेतलं, ही गोष्ट ऐकलेल्या मुलांनी मात्र जास्त प्रमाणात खरं सांगितलं. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वॉशिंग्टनला शिक्षा झाली असं केलं, तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला.

आपल्याकडे लांडग्याची गोष्ट बालवाडीपासून सांगितली जाते. तिच्यातून मूल एवढंच शिकतं, की खोटं बोललं की वाईट होतं. खरं बोलल्यानं काय होतं, याबद्दल ती गप्प आहे. प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट या दृष्टीनं जवळची, कारण तिच्यात खरेपणाचं चांगलं फळ आहे. पण ते फळ सोन्या-चांदीच्या कुऱ्हाडीचं आहे, म्हणून ती सांगितल्यावर एक प्रश्न मुलांपुढे जरूर ठेवावा: देवतेनं काहीच दिलं नसतं, तर लाकूडतोड्यानं काय सांगायला हवं होतं? त्या प्रश्नावर तिसरीची मुलं तास संपेपर्यंत हिरिरीनं बोलतात.

आणखी एक पथ्य शिक्षकानं पाळावं. वॉशिंग्टनची चेरीच्या झाडाची गोष्ट त्याचे चरित्रकार मेसन वीम्स यांनी रचलेली, असं इतिहासकार मानतात. सत्य शिकवताना कल्पित गोष्ट खरी म्हणून सांगू नये. ‘ही गोष्ट आहे’ असं म्हणून सांगावी, आणि खऱ्या घटना हव्या असतील तर गावातल्या घ्याव्यात. एसटीत विसरलेली पिशवी परत करणारा वाहक किंवा जास्त आलेले पैसे परत देणारा दुकानदार प्रत्येक गावात सापडतो. अशा माणसाला परिपाठाला बोलवावं आणि मुलांना त्याला प्रश्न विचारू द्यावेत.

छडी आणि शाबासकी

व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध केली. एका शाळेत चुकीला मार मिळत होता, दुसऱ्या शाळेत समज देऊन किंवा कार्यालयात पाठवून भागवलं जात होतं. खेळण्याचा तोच प्रयोग तीन-चार वर्षांच्या मुलांवर केला, तेव्हा माराच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली. पुढचे प्रश्न विचारल्यावर आपलं खोटं टिकवून धरण्यातही ती जास्त तरबेज निघाली. छडीनं त्यांना खरेपणा शिकवला नाही, पकडलं न जाण्याची कला शिकवली.

आपल्या कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याचं सतरावं कलम नेमकं हेच सांगतं. हे कलम मुलाच्या शरीराचं रक्षण करतं तसं त्याच्या खरं बोलण्याचंही रक्षण करतं, हे पालकसभेत समजावून सांगायला हवं. कारण ‘दोन लावा, पण शिकवा’ म्हणणारे पालक आजही आहेत आणि ते मुलाच्या भल्यासाठीच तसं म्हणतात.

शाबासकीलाही शिस्त हवी. पूर्व चीनमध्ये तीन आणि पाच वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना ‘तू किती हुशार आहेस’ असं म्हटलं, काहींना ‘हे या वेळी तू छान केलंस’ असं. नंतरच्या पत्त्यांच्या खेळात हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांनी जास्त चोरून बघितलं. ‘हुशार’ ही पदवी एकदा मिळाली की ती टिकवावी लागते आणि ती टिकवण्यासाठी मूल आडवाट धरतं. नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षांचं वेड असलेल्या आपल्या भागात हे विशेष लक्षात ठेवण्याजोगं आहे. पाचवीतल्या मुलाला गावभर हुशार म्हणून मिरवण्यापेक्षा, त्यानं कोणतं गणित किती वेळा चुकून सोडवलं याचं कौतुक करावं.

परीक्षेच्या खोलीत

दहावी-बारावीची परीक्षा हा शाळेच्या प्रामाणिकपणाचा उघडा कस आहे. वाशिम, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि यवतमाळ हे जिल्हे राज्य मंडळाच्या अमरावती विभागात येतात. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. भरारी पथकं आहेत, बैठी पथकं आहेत, केंद्राच्या परिसरात जमावबंदी लागते आणि झेरॉक्सची दुकानं बंद ठेवली जातात. तरी मार्च २०२३ मध्ये शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा इथे बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पानं मोबाईलवर फिरली, आणि त्या प्रकरणात शिक्षकांनाही अटक झाली. त्याच वर्षी मंडळानं पेपर दहा मिनिटं आधी देण्याची पद्धत बंद करून ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली होती, तीही पेपर आधी बाहेर जाऊ नये म्हणूनच.

कॉपीविरुद्धचा एक ठळक प्रयत्न हिंगोलीपलीकडच्या नांदेड जिल्ह्यात झाला. २०१०च्या सुमारास तिथले जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम हाती घेतली. निकाल आधी घसरला, आणि तो घसरणं हेच त्या जिल्ह्याला स्वतःबद्दल कळलेलं पहिलं सत्य होतं. ज्या शाळांचा निकाल वर्षानुवर्षं उंच होता, तिथल्या मुलांना प्रत्यक्षात काय येतं आणि काय येत नाही, हे समोर आलं. त्यानंतरच शिकवण्याचं काम नेमकं कुठे करायचं, हे ठरवता येतं. पुढे ही मोहीम राज्यानं उचलली.

कॉपीत मुलाचं सर्वांत मोठं नुकसान असं होतं, की मोठी माणसंच त्याला चिठ्ठी पुरवतात. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत राजकोटच्या शाळेतला प्रसंग सांगितला आहे. जाइल्स नावाचे निरीक्षक तपासणीला आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले. त्यातला ‘केटल’ हा शब्द मोहनदासनं चुकीचा लिहिला. शिक्षकांनी बुटाच्या टोकानं खुणावून शेजारच्याची पाटी बघायला सुचवलं. मुलाला ते कळलंच नाही, कारण शिक्षक कॉपी होऊ नये म्हणून उभे असतात, असं त्याला वाटत होतं. बाकीच्यांचे सगळे शब्द बरोबर आले आणि हा एकटा मूर्ख ठरला. त्या शिक्षकांच्या मनात मुलाविषयी वाईट नव्हतं, त्यांना शाळेचा निकाल चांगला हवा होता. आजही खिडकीतून चिठ्ठी देणाऱ्या काकाला आणि त्याकडे पाठ फिरवणाऱ्या पर्यवेक्षकाला तेवढंच हवं असतं.

मोठ्यांचा हजेरीपट

मुलं शाळेत पुस्तकाव्यतिरिक्त दुसरं एक पुस्तक रोज वाचत असतात, ते म्हणजे हजेरीपट. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली. एकाच मुलाची दोन ठिकाणी मोजणी होऊ नये म्हणून बोटाला शाई लावली गेली. पटावर नाव असलेली लाखो मुलं प्रत्यक्षात हजर नव्हती. त्यात स्थलांतरित मजुरांची आणि आजारी मुलंही होती, पण अनुदान आणि शिक्षकांची पदं टिकवण्यासाठी फुगवलेला पटही उघड झाला. ज्या वर्गात कधीही न आलेल्या मुलाचं नाव रोज ‘हजर’ लागतं, त्या वर्गातल्या मुलांना खरेपणाचा वेगळा तास घेऊन काय शिकवणार?

अकरावी-बारावीचंही तसंच. पश्चिम विदर्भातली असंख्य मुलं शिकवणीसाठी अकोल्याला राहतात आणि त्यांतल्या कित्येकांची हजेरी गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात लागते. २०१८ मध्ये शासनानं विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला, तो याच रोगावर. पालकांनी मुलाच्या भवितव्यासाठी हा मार्ग धरलेला असतो, हे खरं. पण सोळाव्या वर्षी मूल आईवडिलांच्या आणि शिक्षकांच्या संमतीनं कागदावर खोटं जगायला शिकतं, हेही खरं.

पुढे हेच मोठ्या आकारात दिसतं. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं. परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना डिसेंबर २०२१ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी ७,८७४ उमेदवारांवर कारवाई झाली. ही परीक्षा शिक्षक होण्यासाठीची होती. जुलै २०२४ मध्ये वाशिमचं नाव देशभर गाजलं ते पुण्याहून इथे बदली झालेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्यामुळे. ओळख बदलून परीक्षेच्या जादा संधी घेतल्याचा ठपका ठेवून केंद्रीय लोकसेवा आयोगानं त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ती उमेदवारी रद्द केली. संबंधित अधिकाऱ्यानं आरोप नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. ज्या जिल्ह्यात गावोगावची मुलं स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत रात्र काढतात, तिथे या बातम्या मुलांपासून लपवता येत नाहीत आणि लपवूही नयेत. आठवी-नववीच्या वर्गात त्यांवर मोकळी चर्चा व्हावी: कोणाचं नुकसान झालं, कोणाची जागा गेली, वाट कुठे चुकली.

शाळेत उद्यापासून काय करता येईल

पहिली गोष्ट, ‘येत नाही’ म्हणण्याची सोय. वर्गात हात वर करून ‘मला हे कळलं नाही’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षकानं सर्वांसमोर धन्यवाद द्यावेत. महिनाभर हे नेमानं केलं, तर गृहपाठाच्या खोट्या सबबी कमी होतात.

दुसरी, कबुलीनंतरचा रस्ता ठरलेला असावा. काच फोडली असं आपणहून सांगणाऱ्या मुलानं ती काच उचलायला आणि नवी बसवायला मदत करावी, आणि विषय तिथेच संपावा. पुन्हा पुन्हा उगाळू नये आणि घरी चिठ्ठी पाठवू नये. भरपाई करणं ही शिक्षा नसते, ती जबाबदारी असते, आणि मुलाला हा फरक चांगला कळतो.

तिसरी, छोट्या चाचण्या मुलांनी स्वतः तपासाव्यात आणि त्या गुणांची कुठेही नोंद होऊ नये. जिथे खोट्याचा काहीच फायदा नाही, तिथे स्वतःची चूक लाल पेनानं दाखवायची सवय लागते. ती सवय पुढे नोंद होणाऱ्या परीक्षेतही कामी येते.

चौथी, सापडलेल्या वस्तूंची पेटी आणि विक्रेत्याविना चालणारं वह्या-पेन्सिलींचं दुकान. हा उपक्रम सोपा वाटतो, पण तो सोडून दिला तर बुडतो. इंडोनेशियात अशी ‘प्रामाणिकपणाची उपाहारगृहं’ हजारो शाळांत सुरू झाली आणि त्यांतली अनेक तुटीमुळे बंद पडली. म्हणून दर शनिवारी मुलांनीच हिशेब करावा, तूट आली तर ती फळ्यावर लिहावी आणि कोणी केलं हे न शोधता ‘काय करायचं’ यावर बोलावं. तूट भरून निघेपर्यंत दुकान चालू ठेवावं. त्या चर्चेतूनच मुलं शिकतात, गल्ल्यातल्या रकमेतून नाही.

पाचवी आणि सर्वांत अवघड, शाळेचे स्वतःचे कागद खरे असावेत. हजेरीपटावर गैरहजर मूल गैरहजरच लागावं, पोषण आहाराच्या नोंदीत जेवढी मुलं जेवली तेवढीच असावीत, आणि वाचता न येणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘उत्तम’ लिहिलं जाऊ नये. अधिकाऱ्यांनीही खरी आकडेवारी देणाऱ्या मुख्याध्यापकाला नोटीस देऊ नये. खरं सांगणं शिक्षकालाच परवडत नसेल, तर तो मुलाला ते कोणत्या तोंडानं शिकवणार?

पालकांनाही एक विनंती. मुलाला नव्वद टक्के मिळाले तर ते कसे मिळाले हे विचारा, आणि पंचावन्न मिळाले तर ते त्याचे स्वतःचे आहेत याबद्दल त्याची पाठ थोपटा. परीक्षा केंद्राच्या भिंतीपाशी उभं राहू नका. घरी फोन आला की ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असं मुलाला सांगू नका. शाळेचे पाच तास आणि घरचे बाकीचे तास एकाच दिशेनं गेले, तरच मूल खरं बोलायचं धाडस करतं. त्याला ते धाडस परवडेल एवढी काळजी घेणं हे आपलं, मोठ्यांचं काम आहे.